जुन्या सांगाड्यात नवी बॅटरी

पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांवर मोठ्या झालेल्या मोटार कंपन्या बॅटरीवर धावणाऱ्या गाड्यांकडे वळल्या, त्या एका उडीत नव्हे. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रचा प्रवास हे त्याचे बोलके उदाहरण.

बंगळुरूच्या ‘रेवा’ या दोन दारी छोटेखानी मोटारीची विक्री २००१ मध्ये सुरू झाली. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावाने धावली. देशात मात्र तिला गिऱ्हाईक तुरळकच मिळाले. २०१० मध्ये महिंद्रने त्या कंपनीचा ५५.२ टक्के हिस्सा घेतला. त्यातून २०१३ मध्ये आलेली ‘ई२ओ’ एका चार्जमध्ये सुमारे १०० किलोमीटर जाई आणि दिल्लीत जवळपास सहा लाख रुपयांना पडे. तेवढ्या पैशांत पेट्रोलची ऐसपैस गाडी मिळत असताना हे गणित कोणाला पटणार? २०१६ ची ‘ई-व्हेरिटो’ तर मूळची रेनोची लोगान. तिची आधी व्हेरिटो झाली आणि मग तिच्यातच बॅटरी बसविण्यात आली.

या जोडकामामागे हिशेब होता. नवा प्लॅटफॉर्म म्हणजे नवे साचे, नवी जुळणी आणि नव्या चाचण्या. गाडी खपली नाही, तर सारा खर्च बुडीत. जुन्याच सांगाड्यात बॅटरी बसविली की तोटा आटोक्यात राहतो. मात्र बॅटरीला मिळेल त्या पोकळीत बसावे लागते आणि इंजिनासाठी राखलेल्या जागेचा पुरता उपयोग होत नाही. तरीही हा मार्ग सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. टाटा मोटर्सची २०२० ची नेक्सॉन ईव्ही याच पद्धतीने घडली आणि चांगली खपली. मारुतीने २०१८ मध्ये ५० वॅगन आर गाड्यांची बॅटरीवर चाचणी घेतली, पण त्या विक्रीला आणल्या नाहीत. तिच्या ई-विटाराचे उत्पादन गुजरातेतील हंसलपूर येथे सुरू झाले ते थेट ऑगस्ट २०२५ मध्ये.

महिंद्रने स्वतंत्र प्लॅटफॉर्मचा निर्णय घेतला, तोही जोखीम वाटून. २०२२ मध्ये विजेच्या मोटारींसाठी वेगळी कंपनी काढून तीत ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंटची १,९२५ कोटी रुपयांपर्यंतची गुंतवणूक घेण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या चाकणनिर्मित ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’ या गाड्यांत बॅटरी तळाशी सपाट पसरलेली आहे. पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी देण्यात आली. खरेदीदाराची खरी धास्ती तीच होती. गंमत म्हणजे, त्याआधी तीनच महिने याच कंपनीने पेट्रोल आणि डिझेलची ‘थार रॉक्स’ बाजारात आणली होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के असल्याने करातील त्यांचा वरचष्मा घटला. त्यामुळे कंपन्यांचा दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याचा कल समजण्याजोगा आहे. ही सोय पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या लहान कारखानदारांना मात्र नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर यांपैकी काहीच बॅटरीच्या गाडीला लागत नाही. जुन्या भागांच्या ऑर्डर केव्हा आटतील हे ठाऊक नसताना नव्या यंत्रांसाठी कर्ज काढायचे की नाही, हे त्यांना आजच ठरवावे लागत आहे.