पुढे मामा उभाय

रात्री नाशिक रोडनं मुलुंडकडे परत येताना समोरचा ट्रकवाला दोनदा डिपर मारतो. ही खूण कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत, तरी स्टिअरिंगवर बसलेल्या प्रत्येकाला ती कळते. पुढे मामा उभाय, पाय काढ. ना ओळख ना पाळख, पण तो ट्रकवाला आपली पावती वाचवून निघून जातो. वीस मिनिटांनी समोरून येणाऱ्यासाठी आपणही तेच करतो.

याच कामासाठी अमेरिकेत एक डबी निघाली. काचेला चिकटवायची, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून करंट द्यायचा, आणि पुढे पोलिसाचं रडार असलं की ती कोकलायची. रडार डिटेक्टर. अंधेरी-बोरिवलीत आणि घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात ही डबी कधी रुजलीच नाही. का, हे शोधायला निघालं की तिची कुळी लागते ती रडारच्याही चाळीस वर्षं आधी, सायकलवरच्या पोरांपाशी.

सुसाट गाडी चालवली म्हणून दंड झालेल्यांमध्ये इंग्लंडच्या वॉल्टर आर्नल्डचं नाव सगळ्यात आधी घेतात. जानेवारी १८९६, केंट परगणा. गावातली मर्यादा ताशी दोन मैल, साहेबांची मोटार आठ मैलांनी धावत होती, आणि हवालदारानं त्यांना पकडलं ते सायकलवरून पाठलाग करून. पुढे १९०३ च्या कायद्यानं मर्यादा ताशी वीस मैल झाली आणि पोलिसांनी स्टॉपवॉच हातात घेतलं. रस्त्याचा मोजून घेतलेला तुकडा, दोन्ही टोकांना कुंपणाआड दबा धरलेले शिपाई. गाडी इकडून शिरली किती वाजता, तिकडून निघाली किती वाजता, की भागाकार तयार. ही रीत ध्यानात ठेवा, ती आपल्याकडे पुन्हा यायची आहे.

मोटारवाले तेव्हा श्रीमंत आणि चिडखोर होते. १९०५ मध्ये त्यांनी लंडनला ऑटोमोबाइल असोसिएशन काढली, तिचं पहिलं काम म्हणजे सापळ्यांची खबर देणं. पगारी पोरं सायकलवरून रस्ते पालथे घालायची आणि पुढे शिपाई लपलेत असं दिसलं की येणाऱ्या गाडीला हात करायची. प्रकरण कोर्टात गेलंच. एका खटल्यात न्यायाधीश म्हणाले, गाड्या मर्यादेबाहेर धावत होत्या हे सिद्ध नाही, मग इशारा देणं गुन्हा कसा? १९१० मधल्या दुसऱ्या खटल्यात गाड्या आधीच मर्यादा ओलांडून धावत होत्या, तेव्हा इशारा म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा ठरला. संघटनेनं यावर तोड काढली ती निव्वळ वकिली. आमचा माणूस बिल्ला पाहून प्रत्येक सभासदाला सलाम ठोकेल. सलाम केला नाही, तर गाडी थांबवा आणि कारण विचारा. आता सलाम न केल्याबद्दल कोणत्या कलमाखाली खटला भरणार? हा सलाम पुढे पन्नासेक वर्षं चालला. डिटेक्टरचा मूळपुरुष मला याच पोरात दिसतो. सावध करणं हा गुन्हा की माणुसकी, या प्रश्नाचा निकाल तेव्हाही लागला नाही, आणि पुढे देशोदेशीचे कायदे याच ठिकाणी फाटत गेले.

स्टॉपवॉच गेलं ते डॉप्लरमुळे. विक्रोळीच्या फलाटावर उभे असाल आणि न थांबणारी कर्जत फास्ट भोंगा वाजवत आली, तर डबा समोरून जाताच भोंग्याचा सूर खाली घसरतो. ख्रिश्चन डॉप्लरनं १८४२ मध्ये प्राग इथे या घसरणीचं गणित मांडलं. तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये बाइस बॅलटनं उट्रेख्टच्या रेल्वेवर चक्क तुतारीवाले बसवून ते तपासलं. गाडीत वाजणारा सूर आणि रुळालगत उभ्या असलेल्या जाणकारांना ऐकू येणारा सूर वेगवेगळे निघाले. रडार गन हेच करते, फक्त आवाजाऐवजी सूक्ष्मलहरी सोडते. सेकंदाला २४ अब्ज १५ कोटी कंपनांची लहर ताशी ८० किलोमीटरनं अंगावर येणाऱ्या गाडीवर आपटून परतते तेव्हा तिच्यात साडेतीन हजारांवर कंपनं वाढलेली असतात. ती मोजली की वेग समजला. अंधेरी-जोगेश्वरीच्या मधल्या वेरावलीच्या टेकडीवर हवामान खात्याचं रडार बसलंय, तेही याच तत्त्वावर ढगांचा वेग वाचतं. पावसाला चलन नाही, एवढाच फरक.

दुसऱ्या महायुद्धात जॉन बार्कर नावाचा इंजिनिअर लष्करासाठी रडारवर काम करत होता. युद्ध संपल्यावर त्यानं तेच यंत्र रस्त्याकडे वळवलं आणि १९४७ मध्ये कनेटिकटमधल्या ग्लास्टनबरीत पोलिसांनी त्यावर गाड्या मोजून पाहिल्या. पुढची पंचवीस वर्षं बाजी पोलिसांकडे होती. मग १९७३ चा तेलाचा तुटवडा आला आणि पेट्रोल वाचवायला अमेरिकेनं देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची, मर्यादा लादली. मैलोन्मैल मोकळे सरळ रस्ते आणि ही मर्यादा! ओहायोच्या डेल स्मिथनं काढलेला 'फझबस्टर' या वैतागावरच खपला. १९७८ मध्ये 'एस्कॉर्ट' आला, तो कितीतरी पट तीक्ष्ण कानाचा.

डबी जिंकायची कशी, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. पोलिसाच्या लहरीला गाडीपर्यंत जाऊन परत यावं लागतं, म्हणून अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. डबीला फक्त जाणारी लहर ऐकायची असते, तिथे तेवढ्याच अंतरानं चौपटच घट. म्हणून गनला गाडी दिसायच्या कितीतरी आधी डबीला गन ऐकू येते. त्यात १९७९ मध्ये मायामीत एका टीव्ही बातमीदारानं दाखवून दिलं, की पोलिसी रडार झाडाचा वेग ताशी ८६ मैल दाखवतं आणि घराचा २८. झाडाला पावती फाडता येत नाही म्हणून बरं.

पोलिसांनी डाव उलटवला तो लेसरनं. रडारची लहर पसरट. लेसरचा किरण तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद, म्हणजे दहा गाड्यांतली नेमकी एक नंबरप्लेट टिपता येते, आणि काम अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं. डबी ओरडते तेव्हा आकडा नोंदलेला असतो. त्या ओरडण्याला मग अर्थ एकच, पाकीट काढा.

कायद्यांची तऱ्हा मात्र मजेची. एडिसनमधला मराठी माणूस न्यू जर्सीत डबी काचेवर मिरवू शकतो. तोच पोरांना कॅपिटल दाखवायला वॉशिंग्टनला निघाला, की शहराच्या हद्दीत ती बेकायदा, आणि पुढे व्हर्जिनियातही. कॅनडात बहुतेक प्रांतांत बंदी, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचवानमध्ये मोकळीक. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये कोर्टानं ठरवलं, की रडारची लहर हा कुणी कुणाला धाडलेला संदेश नव्हे, सबब ती ऐकणं म्हणजे संदेश चोरून ऐकणं नव्हे. फ्रान्स-जर्मनीत मनाई.

आपल्याकडे? मोटार वाहन कायद्यात डिटेक्टरचं नावसुद्धा नाही. १९३३ चा बिनतारी यंत्रांचा कायदा परवान्याशिवाय असं काही बाळगू नका म्हणायचा, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. पण डबी रुजली नाही ती कायद्याच्या धाकानं, असं मला वाटत नाही. ज्या काळात ती जगभर खपत होती त्या काळात आपल्या रस्त्यांवर पकडायला रडारच विरळा होतं, आणि गन सर्रास दिसू लागल्या तेव्हा त्या लेसरच्या होत्या. मधली पिढीच आपण गाळली. शिवाय संध्याकाळी सात वाजता अंधेरीच्या फ्लायओव्हरवर वेगाचं यंत्र घेऊन कुणी उभा राहिलाच, तर तो चालणाऱ्या माणसांचा वेग मोजेल. आपल्या हायवेंवर वेग असतो तो रात्री साडेअकरानंतर, दहिसर नाक्यापासून वांद्र्यापर्यंत रस्ता सुटतो तेव्हा. त्या वेळी बाइकवाल्या पोरांचा काटा जिथे असतो, तिथे कुणी त्यांना पकडावं असंच मला वाटतं. डिपरची माणुसकी मला त्यांच्यासाठी दाखवावीशी वाटत नाही.

एक कलम मात्र मुद्दाम सांगण्यासारखं. १९८८ च्या कायद्याचं १८३ वं कलम म्हणतं, 'माझ्या मते गाडी जोरात होती' एवढ्या एका साक्षीदाराच्या शब्दावर कुणालाही दोषी धरू नये. त्या मताला यंत्राचा आधार हवा. म्हणजे गन ही पोलिसांची हौस नव्हे, कायद्यानंच मागितलेली साक्ष आहे. पूर्वी तिथे फक्त यांत्रिक साधन म्हटलं होतं, २०१९ च्या दुरुस्तीनं इलेक्ट्रॉनिकही आलं. त्याच कलमात पुढे आहे, की मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक मालकानं जाहीर केलं असेल, तर तेच त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा. कायदा बसकंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असणार. दहा मिनिटांत घरपोच भाजी म्हणणाऱ्यांनी तो वाचलाय का, कोण जाणे.

हीच २०१९ ची दुरुस्ती घेऊन राज्याराज्यांत वेगळी तऱ्हा झाली. पहिल्या वेळी जास्तीत जास्त ४०० रुपये असलेला दंड हलक्या गाड्यांना १,००० ते २,००० झाला, अवजड गाड्यांना ४,००० पर्यंत. गुजरातनं आपल्यापुरते आकडे खाली आणले. महाराष्ट्रात परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचार करा म्हणून केंद्राला पत्र लिहिलं आणि नवे दंड इथे लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मर्यादांचंही तेच. बोरिवलीहून रात्री पुण्याला निघालेला माणूस सी लिंकवर ८०, कोस्टल रोडच्या सरळ पट्ट्यात ८० आणि बोगद्यात ६०, अटल सेतूवर १००, त्याच्या चढ-उतारावर ४०, एक्सप्रेस वेवर पुन्हा १०० आणि घाटात त्याहून कमी असं करत जातो. हेच राज्य समृद्धी महामार्गावर त्याला १२० देतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत ई-चलन आलं. मामा चौकातून कॅमेऱ्याच्या खांबावर चढला, 'साहेब, बघा ना जरा' म्हणायला समोर माणूस उरला नाही. मग सापळ्याची खबर द्यायची कुणी? इथे या कुळकथेला सगळ्यात मोठं वळण मिळतं. २०२१ मध्ये केंद्रानं इलेक्ट्रॉनिक पाळतीचे नियम केले, त्यात एक अट अशी, की जिथे यंत्र लावाल त्या पट्ट्याच्या आधी ठळक फलक लावा. यंत्राला दर वर्षी प्रमाणपत्र घ्या, नोटीस पंधरा दिवसांत पाठवा. १९१० मध्ये ज्या इशाऱ्याला इंग्रज कोर्टानं अडथळा म्हटलं, तो सरकारनं स्वतःच्या खर्चानं खांबावर टांगला! त्याआधी २०१९ मध्ये गुगल मॅप्सनं भारतातही स्पीड कॅमेरे दाखवायला सुरुवात केलेलीच होती. आणि १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये ८० ओलांडलं की अधूनमधून आणि १२० ओलांडलं की अखंड टुंटुं वाजणारी घंटा सक्तीची झाली. अमेरिकेत लोकांनी डॉलर मोजून जी कटकट गाडीत बसवून घेतली, ती आपल्याला कंपनीकडूनच मिळते. फरक इतकाच की ती पोलिसाला भीत नाही, काट्याला भिते.

फलक आणि फोन या दोहोंचा परिणाम रोज दिसतो. विक्रोळी-कांजूरच्या सरळ पट्ट्यात सगळे दामटत असतात, फोनमधली बाई कॅमेरा म्हणाली की ब्रेक लाइटांची लाल माळ पेटते, खांब गेला की पुन्हा पाय खाली. कॅमेऱ्याखाली सगळे सज्जन. यावरचा उतारा आता आलाय, आणि तो इंग्लंडातल्या कुंपणाआडच्या स्टॉपवॉचचाच नातू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. ५२० किलोमीटर, १२० नं गेलात तरी चार तास वीस मिनिटं. टोलवर शिरल्याची आणि सुटल्याची वेळ नोंदलेली असते. यापेक्षा लवकर पोचलेल्या बहाद्दरांना आरटीओवाले बाजूला घेऊन समुपदेशनाला बसवू लागले. जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवरही कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू झाली. दोन खांबांमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढायची पद्धत एकदा सर्रास झाली, की खांब कुठे आहे हे कळून उपयोग शून्य. तिथे डबी चालत नाही, डिपर चालत नाही, गुगलची बाईही नाही. घाईत निघालेल्याला वेळ जुळवण्यासाठी खालापूरच्या फूड मॉलला थांबून सावकाश वडापाव खावा लागेल, आणि मग घाई कशाची होती हे त्याचं त्यालाच विचारावं लागेल.