पाठभेद जपणारी वही

'विकी' हा शब्द कानावर आला की आपल्याकडची वडीलधारी मंडळी तो इंग्रजी समजून सोडून देतात. पण तो आहे हवाई बेटांच्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ झटपट. होनोलुलूच्या विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या बसला 'विकी विकी' म्हणत. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थाने १९९५ साली इंटरनेटवर एक सामायिक वही उघडली, तेव्हा तेच नाव त्याने तिला देऊन टाकले. तिची खुबी एवढीच की, जो वाचतो तोच तिथल्या तिथे दुरुस्ती करू शकतो, नवे पान जोडू शकतो. मध्ये ना संपादक, ना छापखाना.

नाव परके खरे. परंतु अनेक हातांनी एक ग्रंथ सिद्ध करण्याचा खटाटोप पुण्याला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी नागपुरास लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गाठले, पुढे सारा संसार पुण्यास आणला आणि तेवीस खंड काढून दाखविले. लिहिणारे पुष्कळ होते; पण कोणता मजकूर राहील हे ठरविणारा हात एक होता. छापलेल्या पानात चूक निघाली तर शुद्धिपत्राखेरीज इलाज नव्हता.

मला विचाराल तर विकीच्या स्वभावाशी अधिक जवळचे काम भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला तिथे १९१९ साली आरंभ झाला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले, आणि श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले. १९६६ साली ते तडीस गेले. पोथ्या ताडून पाहण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. चौकटी आखलेला कागद घ्यायचा; माथ्यावर श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. जिथे पोथीतले अक्षर वेगळे असेल तिथेच, त्याच चौकटीखाली, ते उतरवायचे. या कागदांवरून संपादक मूळ पाठ ठरवीत. पण नाकारलेला पाठ केराच्या टोपलीत जात नसे. तो त्या त्या पोथीच्या खुणेसह पानाच्या तळाशी छापला जाई. उद्याच्या एखाद्या अभ्यासकाला संपादकांचा निर्णय पटला नाही तर त्याला भांडायला पुरावा तिथेच हजर!

आजच्या चांगल्या विकीत प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाचा एक कप्पा असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला, हे जुना-नवा मजकूर शेजारी मांडून तो दाखवितो. चौकटींचा तोच कागद म्हणा ना! मात्र हे शहाणपण आरंभापासून नव्हते. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया निघाला तो 'यूजमॉडविकी' नावाच्या साध्या सॉफ्टवेअरवर, आणि त्यात जुने मजकूर काही दिवसांनी पुसले जात. आरंभीच्या कित्येक पानांचा पूर्वेतिहास त्यामुळे गेला असेच सारे धरून चालले होते; डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग यांना जुन्या साठवणीत त्या पहिल्या महिन्यांतल्या नोंदी सापडल्या. दरम्यान माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली नवी प्रणाली २००२ च्या जानेवारीत आली. तिच्यातून पुढे 'मीडियाविकी' झाले. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा. म्हणजे महाराष्ट्र दिनाचाच.

हे सारे मला मुळातून पाहावे लागले ते आमच्या कुलमंडळापायी. आमचा कुलवृत्तान्त दोन पिढ्यांमागे छापला. त्यानंतर जन्मलेल्यांची त्यात नोंद नाही, आणि मुलींच्या वाट्याला सासरच्या आडनावापलीकडे काही नाही. नवी आवृत्ती छापायची तर खर्च मोठा, आणि ती निघेपर्यंत चार बारशी होऊन गेलेली! पुतणी म्हणाली, "काका, विकीच करू या." धाकटे काका गरजले, "उद्या कोणी पणजोबांना पेशव्यांचे सरदार करील, मग?"

तेव्हा सॉफ्टवेअर निवडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मीडियाविकी फुकट आहे, दणकट आहे; पण तिला डेटाबेस लागतो, आणि काही पाने काहींपासून झाकावीत यासाठी ती घडविलेलीच नाही. आमच्याकडे तर हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते होते; ते चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आंद्रेआस गोर या जर्मन गृहस्थाची, २००४ साली निघालेली 'डोकुविकी' मला पसंत पडली. तीही फुकटच. तिला डेटाबेस नको. प्रत्येक पान म्हणजे साधी मजकुराची फाइल, पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवता येईल अशी. कोणी काय वाचावे नि कोणी काय लिहावे, हे पानागणिक ठरविता येते. आणि जुने पाठ ती राखते. ही शेवटची अट मी सोडायला तयार नव्हतो.

काकांची समजूत मी भांडारकर संस्थेच्या दाखल्याने घातली. पणजोबांचे जन्मगाव एक शाखा वाई सांगते, दुसरी सातारा. दोन्ही गावे आता पानावर आहेत, सांगणाऱ्यांच्या नावांसह. काका स्वतः दुरुस्त्या करू लागले आहेत. त्यांचे शुद्धलेखन मात्र मागाहून आम्हीच तपासतो.

आत्याबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. छापील ग्रंथात त्यांची एक ओळ आहे: विवाहित, आणि सासरचे आडनाव. गेल्या महिन्यात त्यांनी सांगितले आणि पुतणीने टंकले. कोणत्या साली मॅट्रिक, कोणत्या शाळेत नोकरी, किती वर्षे गणित शिकविले. पान भरले. मग पुतणीने इतिहासाचा कप्पा उघडून जुनी ओळ दाखविली. आत्याबाईंनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि विचारले, "ही पुसली नाही ना जात?"

"नाही."

"बरे. आता लिही, एकतीस वर्षे शिकविले. मघाशी मी तीस म्हटले, ते चुकले."