अठ्ठावीस दिवसांचे औषध

मंडळी, दारूने यकृत नासते ते वर्षानुवर्षे, हळूहळू, असा आपला समज. पण एक दुखणे असे आहे की पुष्कळ वर्षे पिणाऱ्या माणसाचे डोळे थोड्याच दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात, अंगात ताप भरतो, पोट फुगते. ही यकृताची सूज. गावाकडे अशाच्या गळ्यात काविळीची माळ घालतात. पण सगळी कावीळ एक नसते, आणि ही जात फार वाईट. तीव्र असली तर रोगी महिन्या-दोन महिन्यांत हाताचा जाऊ शकतो.

तिच्यावरच्या औषधाची कहाणी सुरू होते सांधेदुखीपासून. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी सांधे धरून अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली! १९५० साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. सूज म्हटली की स्टेरॉइड, असे मग होऊन गेले. यकृताच्या या सुजेतही शरीराचेच रक्षक पेशी यकृतावर उलटतात. तेव्हा स्टेरॉइडने त्यांना आवरावे, हा विचार सरळ होता. पण राखणदाराचे हात बांधले की चोराचेही फावते. इथे चोर म्हणजे जंतू.

म्हणून १९७१ साली ३७ रोग्यांवर रीतसर पडताळा झाला. काहींना प्रेडनिसोलोन, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. अत्यवस्थ रोग्यांना गुण दिसला. पण दुसऱ्यांनी करून पाहिले तर दिसेना! वाद वर्षानुवर्षे चालला. एक कारण असे की सौम्य आणि गंभीर रोगी एकाच पंगतीला बसवले जात.

पंगती वेगळ्या करायचे गणित १९७८ साली डॉ. मॅड्री यांनी दिले. त्याचे पुढे सुधारलेले रूप गुरुजींनी फळ्यावर मांडावे इतके सोपे आहे. रक्त गोठायला नेहमीपेक्षा जितके सेकंद जास्त लागतात, त्यांना ४.६ने गुणा, त्यात रक्तातील बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीच्या रंगद्रव्याचा, आकडा मिळवा. सहा सेकंद जास्त आणि बिलिरुबिन १० असेल, तर बेरीज ३७.६. ही ३२ किंवा त्यावर गेली की दुखणे तीव्र. असे रोगी निवडून फ्रान्समध्ये रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन २८ दिवस दिले. १९९२ साली निकाल आला: दोन महिन्यांनी औषधवाले शंभरात ८८ जिवंत, पोकळ गोळीवाले ४५.

सारे मिटले असे वाटले. २००७ साली फ्रान्समधल्याच लील शहरच्या डॉक्टरांनी सातव्या दिवशीची परीक्षा सांगितली. मुख्यतः बिलिरुबिन उतरते का ते पाहायचे. नसेल उतरत तर औषध थांबवावे, उगीच जंतूंना दार कशाला उघडायचे? मग ब्रिटनमध्ये ६५ इस्पितळांत अकराशेवर रोगी घेतले. २०१५चा निकाल विचारात पाडणारा होता. अठ्ठावीस दिवसांत, केवळ पोकळ गोळ्या घेणाऱ्यांत शंभरी १७ मृत्यू, केवळ प्रेडनिसोलोनवाल्यांत १४. फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकेल. गंभीर जंतुसंसर्ग मात्र स्टेरॉइडवाल्यांत १३, इतरांत ७. पुढे २०१८ साली अकरा चाचण्यांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा पहिल्या महिन्यापुरता फायदा नक्की ठरला. त्यापुढे नाही.

औषध महिना पार करून देते. पुढे जगणे बरेचसे बाटली सुटली की नाही, यावरच राहते.

आणि ज्यांना औषध लागूच पडत नाही त्यांचे काय? फ्रान्स-बेल्जियममध्ये अशा निवडक २६ जणांना दुसऱ्याचे यकृत बसवले. दारुड्याला दान केलेला अवयव द्यावा का, यावर तिथे मोठी चर्चा झाली. २०११ साली आकडे आले: सहा महिन्यांनी त्यांतले शंभरी ७७ हयात, ज्यांना यकृत बसवले नाही त्यांच्यात २३. त्या २६ पैकी तिघे पुढे पुन्हा प्याले. पहिला, जवळजवळ दोन वर्षांनी.