अनाथाश्रमाची भिंत नक्की कुणासाठी?

आज आपण १९४६ च्या स्वित्झर्लंडला जाणार आहोत, पण बर्फ आणि चॉकलेट बघायला नाही. पूर्वेकडच्या आप्पेनझेल भागात ट्रोगेन नावाचं एक छोटं गाव आहे. हिरवे उतार, लाकडी घरं, गाई, असं अगदी कॅलेंडरवरचं चित्र. त्या वर्षी तिथल्या एका उतारावर वेगवेगळ्या देशांतून आलेले तरुण कुदळी-फावडी घेऊन पाया खणत होते. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. कुणाला पगार नव्हता. बांधायचं होतं युद्धात आईबाप गमावलेल्या मुलांसाठी एक अख्खं गाव.

ही कल्पना वाल्टर रॉबर्ट कोर्ती नावाच्या माणसाची. वय तेहतीस, तत्त्वज्ञानाचा नाद, पोटापाण्यासाठी ‘डू’ नावाच्या मासिकात संपादन. ऑगस्ट १९४४ च्या अंकात, म्हणजे युद्ध अजून चालू असताना, त्याने लिहिलं की होरपळलेल्या मुलांसाठी आपण एक गाव वसवू या. आजच्या भाषेत पोस्ट व्हायरल झाली म्हणा. लोकांनी पैसे पाठवले, ट्रोगेनने जागा दिली, हान्स फिश्ली या आर्किटेक्टने नकाशे काढले आणि एप्रिल १९४६ मध्ये कोनशिला बसली. गावाला नाव दिलं पेस्टालोझी बालग्राम.

पेस्टालोझी कोण, ते सांगायलाच हवं, कारण आजच्या सगळ्या विषयाची किल्ली त्याच्याकडे आहे. योहान हाइनरिख पेस्टालोझी हा अठराव्या शतकातला स्विस शिक्षणतज्ज्ञ. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने श्टान्स भागातला उठाव चिरडला, गावं जाळली, आणि मागे राहिलेल्या पोरक्या मुलांची जबाबदारी याच्यावर आली. जागा मिळाली एका मठाच्या इमारतीत, तीही अर्धवट दुरुस्त झालेली. स्वयंपाकघर, खोल्या, बिछाने काहीच धड तयार नव्हतं, आणि मुलं येऊन दाखल. काही महिन्यांतच तो प्रयोग बंद पडला. पण त्यातून त्याने जे मांडलं ते टिकलं. त्याचं म्हणणं साधं होतं: मूल घडतं ते घरातल्या बैठकीच्या खोलीत, आईच्या नजरेसमोर, त्यामुळे संस्थेला काही व्हायचंच असेल तर तिने घर व्हावं.

ट्रोगेनमध्ये हे अक्षरशः पाळलं गेलं. एक मोठी बराक बांधून दोनशे खाटा टाकणं किती सोपं आणि स्वस्त पडलं असतं! त्याऐवजी त्या भागातल्या शेतकऱ्यांची असतात तशी सुटी सुटी घरं बांधली. प्रत्येक घर एका देशाचं, आणि त्या घरात त्याच भाषेतले आईवडिलांसारखे सांभाळणारे. पोलंडची मुलं पोलिशमध्ये जेवणार, फ्रान्सची फ्रेंचमध्ये भांडणार. पुढे जर्मन मुलांचंही घर झालं. विचार करा, ज्यांच्या देशाने शेजारच्या घरातल्या मुलांना पोरकं केलं, ती मुलंही त्याच अंगणात! मला हा निर्णय त्या सगळ्या दगड-लाकडापेक्षा अवघड वाटतो.

पण फुकट राबायला परदेशी जाणारे हे तरुण आले कुठून? त्यासाठी अजून सव्वीस वर्षं मागे जाऊ. पिएर सेरेसोल हा माणूस मला जरा जास्तच आवडतो, कारण तो इंजिनिअर होता. वडील स्वित्झर्लंडचे माजी राष्ट्राध्यक्ष, आणि हा पठ्ठ्या सैन्याचा कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जाणारा. नोव्हेंबर १९२० मध्ये त्याने काही मित्रांना घेऊन फ्रान्समधलं एन नावाचं खेडं गाठलं. हे खेडं व्हर्दनजवळचं, म्हणजे पहिल्या महायुद्धात तोफांनी नांगरून काढलेल्या पट्ट्यातलं. सेरेसोलच्या तुकडीत जर्मनही होते. त्यांनी ढिगारे उपसले, लाकडी घरं उभी केली, रस्ता नीट केला. जर्मन माणसं इथे नकोत, या आक्षेपापायी १९२१ च्या वसंतात काम थांबवावं लागलं. पण त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही चळवळ उभी राहिली. ब्रीदवाक्य काय, तर शब्द नकोत, कृती हवी.

हाच सेरेसोल आपल्याकडेही आला होता, हे मला हा भाग तयार करेपर्यंत माहीत नव्हतं. १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडला गेले तेव्हा दोघांची भेट झाली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि त्याच वर्षी सेरेसोल तिथे पोचला. पुढची काही वर्षं तो आणि त्याचे मोजके साथी मुझफ्फरपूरच्या बाजूला खेडी पुन्हा वसवायच्या कामात होते. नंतर १९५० च्या दशकात याच चळवळीतले तरुण वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन कुष्ठरोग्यांबरोबर राबले. तिथे बांधकामाइतकंच दुसरंही एक काम झालं. आनंदवनातली भाजी विकत घ्यायला बिचकणाऱ्या गावाने पाहिलं की ही परदेशी पोरं तीच भाजी खातायत, तिथेच राहतायत, आणि त्यांना काही होत नाही. मग गावाची भीती हळूहळू ओसरली.

या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती लक्षात ठेवा. एनमध्ये घरं खरोखर पडली होती, बिहारमध्येही पडली होती. ट्रोगेनला आलेल्या मुलांचं घर खरोखर संपलं होतं. म्हणजे आधी घर गेलं, मग भिंत आली.

आता उडी मारू १९९० मध्ये, रोमानियात.

तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर बंदी घातली होती. देशाची लोकसंख्या वाढवायची होती ना! मुलं झाली, पण त्यांना पोसायला घरात काही नाही. आणि सरकारच सांगायचं की आणून द्या, आम्ही सांभाळतो. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या, परदेशी कॅमेरे आत शिरले आणि जगाने टीव्हीवर पाहिलं: लोखंडी पाळण्यांच्या रांगा, स्वतःशीच डोलत बसलेली मुलं, थंडीत उघडी अंगं. एक लाखाहून जास्त मुलं अशा संस्थांमध्ये होती. त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. म्हणजे भूकंप नाही, युद्ध नाही. मुलं अनाथ झाली होती ती एका हुकुमाने आणि गरिबीने.

ब्रिटनमधून आणि इतर देशांतून ट्रक भरून लोक निघाले. त्यांत गवंडी होते, प्लंबर होते, आणि काहीच येत नाही पण रंगाचा ब्रश धरू शकतो असे कॉलेजचे तरुणही होते. ‘चॅलेंज ॲनेका’ नावाच्या बीबीसीच्या कार्यक्रमाने तर उत्तरेकडच्या सिरेत गावातल्या संस्थेची दुरुस्ती टीव्हीवरच करून दाखवली. मी या लोकांची थट्टा करणार नाही. ज्या इमारतीत संडास तुंबलेत आणि गरम पाणी नाही, तिथे नळ दुरुस्त करणारा माणूस देवमाणूसच असतो. त्या हिवाळ्यात त्या मुलांना ऊब मिळाली, हे खरं आहे.

पण पुढे काय? २००० च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू केला. संस्थांमधली १३६ लहान मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली: निम्मी संस्थेतच राहिली, निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली. अशी कुटुंबं रोमानियात तेव्हा जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे ती शोधून तयार करावी लागली. वर्षानुवर्षं मोजमाप केल्यावर दिसलं की कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, जिव्हाळा लावण्याची ताकद जास्त चांगली वाढली. मेंदूच्या विद्युत लहरींतसुद्धा फरक दिसला. दोन वर्षांच्या आत जी घरी गेली त्यांचा फायदा सगळ्यांत जास्त.

म्हणजे रोग भिंतीच्या उडालेल्या रंगात नव्हता, ती भिंतच रोग होती. शिफ्टप्रमाणे बदलणारी माणसं, आणि आपलं असं एकही नाही. दोनशे वर्षांपूर्वी पेस्टालोझी हेच सांगत होता, फक्त त्याच्याकडे ईईजी मशीन नव्हतं. रोमानियाने २००४ मध्ये कायदा करून दोन वर्षांखालच्या मुलांना अशा संस्थांत ठेवण्यावर बंदी आणली.

आईबाप असलेले अनाथ ही भानगड फक्त रोमानियाची नाही बरं का. खुद्द स्वित्झर्लंडमध्ये, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, एका उद्योगपतीने भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांची सुमारे १६० मुलं नेऊन स्विस कुटुंबांना सांभाळायला दिली. ट्रोगेनच्या बालग्रामातही त्याच सुमारास तिबेटी मुलं आली होती, पण ही योजना त्याहून वेगळी. सगळ्यांना वाटलं की ही अनाथ मुलं आहेत. त्यांतली खरोखर अनाथ फार थोडी होती. बाकीच्यांचे आईवडील हिमालयाच्या बाजूला रस्त्याच्या कामावर, छावण्यांत, जिवंत होते.

आता वळू या आजच्या काळाकडे. मधल्या काळात १९६१ ची अमेरिकेची पीस कोअर वगैरे आली, तिच्यावर वेगळा भाग करू. तिकीट स्वस्त झालं, इंटरनेट आलं, आणि दोन आठवड्यांची सेवा पॅकेजमध्ये विकली जाऊ लागली. कंबोडियाचं उदाहरण बघा. तिथलं युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर, २००५ ते २०१० या पाच वर्षांत, अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. या पाच वर्षांत तिथे अनाथ मुलं एवढी वाढली होती का? नाही. वाढले होते पर्यटक. आश्रमांत राहणाऱ्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील हयात होते. नेपाळातही अशी बालगृहं दाटीवाटीने आहेत ती काठमांडू-पोखरासारख्या, पर्यटक जातात त्याच भागांत. दलाल खेड्यात जातो, शिक्षण मिळेल सांगून मूल घेऊन येतो.

आमच्या धंद्यातलं एक साधं निरीक्षण आहे. सर्व्हरला डिस्क वाढवून दिली की काही महिन्यांत लॉग फाइल्स ती भरून टाकतात. जागा केली की भरते. नवीन खोली बांधली की वीस खाटा येतात, आणि रिकाम्या खाटा दाखवून देणग्या मिळत नाहीत. मग त्या खाटांसाठी मुलं कुठून येतील, याचं उत्तर खेड्यातल्या गरीब आईच्या दारात जाऊन थांबतं.

आणि बांधकामाचा दर्जा? पिपा बिडल नावाच्या अमेरिकन तरुणीने २०१४ मध्ये लिहिलेला अनुभव वाचून मी आधी हसलो, मग गप्प झालो. शाळेतर्फे टांझानियातल्या एका अनाथाश्रमात या मुली वाचनालय बांधायला गेल्या होत्या. दिवसभर त्या विटा रचायच्या. काम इतकं वाकडं व्हायचं, की रात्री स्थानिक माणसं ती भिंत उतरवून पुन्हा रचायची, म्हणजे सकाळी मुलींना काही कळू नये. आपल्याकडचा कुठलाही मुकादम ओळंबा न सोडताच सांगेल की ज्याने कधी घमेलं उचललं नाही त्याला भिंतीवर चढवू नये. विमानाच्या तिकिटाच्या पैशांत तिथल्या गवंड्याचा कित्येक दिवसांचा रोज निघाला असता, आणि भिंत एकदाच बांधावी लागली असती.

सरकारंही हळूहळू जागी झाली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या चर्चेत अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा विषय आला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या पर्यटनाची आणि स्वयंसेवेची दखल घेतली.

हा भाग करायचं कारण म्हणजे आपल्याच एका श्रोत्याचा मेसेज. पुण्यातच नोकरी करतो, चौघे मित्र मिळून सियाम रीपला दोन आठवडे जायचा बेत आहे. अनाथाश्रमात मुलांसाठी नवीन खोली बांधायची, वर आंगकोर वाट बघायचं. फी आगाऊ. त्याने विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, आंगकोर वाट बघायला बिनधास्त जा. मजुरी करायची हौस असेल तर गावाकडे पाणी अडवायच्या कामाला मे महिन्यात माणसं कमीच पडतात, आणि तिथे मुकादम मराठीत ओरडेल. पण तिकडेच जायचं असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला मेल कर: या खोलीत कोणती मुलं राहणार, त्यांचे आईवडील कुठे आहेत, आणि मुलं घरी परत जावीत म्हणून ही संस्था काय करते?

त्याने मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रश्नांबद्दल एक शब्द नाही, सोबत टी-शर्टचा साइझ विचारणारा फॉर्म.