नौरूमधील लठ्ठपणा व मधुमेह

नौरू हे मध्य प्रशांत महासागरातील, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेले प्रजासत्ताक आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २१ चौ.किमी. आणि लोकसंख्या सुमारे १२ हजार आहे. प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्या देशांत नौरूची गणना होते. १९७५ साली ऑस्ट्रेलियन वैद्यक पॉल झिमेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत १५ वर्षे व त्यावरील सुमारे एक तृतीयांश नौरूवासीयांना मधुमेह असल्याचे आढळले. तेव्हापासून वैद्यकीय ग्रंथांत या बेटाचा उल्लेख सातत्याने येतो. आयता पैसा हाती आलेल्या लोकांची सुस्ती व खादाडपणा, अशी या प्रश्नाची मांडणी पुष्कळदा केली जाते. ती अपुरी आहे. या रोगाचा इतिहास बेटाच्या जमिनीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

== पूर्वीचा आहार ==

नारळ, केवड्याच्या जातीच्या झाडाची फळे आणि मासे हा नौरूवासीयांचा मूळ आहार होता. समुद्रातून पकडलेली माशांची पिले ते बुआडा येथील तळ्यात सोडून वाढवीत. माडाच्या पोयीतून गोड रस काढण्याची कला, आपल्या कोकणातल्याप्रमाणेच, तेथेही होती. पाऊस बेभरवशाचा असल्याने दुष्काळ वारंवार पडत. अशा ठिकाणी अंगावर मांस असणे हे सुस्थितीचे लक्षण मानले जाई. वयात आलेल्या मुलींना व गर्भवतींना मुद्दाम अधिक खाऊ घालण्याची रीत होती. १९३२ साली लोकसंख्या १,५०० झाली, तेव्हा वंश टिकल्याचा आनंद म्हणून सुरू झालेला ‘अंगाम’ दिन आजही २६ ऑक्टोबरला पाळला जातो. पुष्ट शरीराविषयीचा आदर या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

== फॉस्फेट आणि जमीन ==

१९०० साली अल्बर्ट एलिस यांना बेटावर उत्तम प्रतीचे फॉस्फेट असल्याचे आढळले आणि काही वर्षांतच खाणकाम सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त आयोगाकडे गेले. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग असलेले मधले पठार खणले गेले. मागे उरले ते प्रवाळखडकाचे उंच सुळके, ज्यांच्यामध्ये ना शेती होते ना घर बांधता येते. राहण्या-पिकवण्यास उरली ती केवळ किनाऱ्यालगतची अरुंद पट्टी. नौरूच्या मातीने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची शेते व कुरणे पिकली आणि नौरूला अन्न परतले ते पोत्यांतून व डब्यांतून.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सुमारे १,२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले. जानेवारी १९४६ मध्ये त्यांतील ७३७ जणच परतले. युद्धापूर्वी मधुमेह तेथे क्वचितच दिसे. युद्धानंतरच्या पुनर्बांधणीत आयात अन्नावरील अवलंबन कायमचे झाले.

३१ जानेवारी १९६८ रोजी नौरू स्वतंत्र झाले आणि लवकरच खाणींचे उत्पन्न त्याच्या हाती आले. १९७०च्या दशकात दरडोई उत्पन्नात ते जगातील अग्रगण्य देशांत गणले जाई. खाणीतील कष्टाची कामे प्रामुख्याने बाहेरून आणलेले मजूर करीत. बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम १९ किमी. लांब, तरी त्यावर मोटारी वाढल्या. मासेमारी निर्वाहाचे साधन न राहता हौसेची बाब बनली. पांढरा तांदूळ, साखर, गोड पेये आणि डबाबंद मांस हा रोजचा आहार झाला.

== आनुवंशिकतेचा प्रश्न ==

जेम्स नील यांनी १९६२ साली ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. दुष्काळात तग धरण्यासाठी चरबी साठवण्याचा गुण निवडला गेला व सुबत्तेत तोच घातक ठरला, असा तिचा आशय. नौरू हे तिचे ठळक उदाहरण म्हणून दिले जाई. आनुवंशिक प्रवणता असू शकते. परंतु दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत, आणि येथे दोन पिढ्यांत बदलले ते जगणे.

== उतरती कळा व उपाय ==

फॉस्फेटचे साठे संपत आले आणि भावी पिढ्यांसाठीचा निधी चुकीच्या गुंतवणुकीत बुडाला. त्यातील काही पैसा १९९३ साली लंडनमधील एका फसलेल्या संगीतिकेवरही खर्च झाला होता! गरिबी आल्याने शरीरे मात्र सडपातळ झाली नाहीत. ताजी भाजी व फळे जहाजाने किंवा विमानाने येतात व महाग पडतात. तांदूळ, साखर आणि चरबीयुक्त मांस त्या मानाने स्वस्त. हातात पैसा असो वा नसो, दुकानातील माल तोच राहिला.

२००७ साली सरकारने साखर व साखरयुक्त आयात पदार्थांवर ३० टक्के कर बसवला. विमानतळाभोवती सामूहिक चालण्याचे कार्यक्रम झाले, तैवानच्या साहाय्याने भाजीपाल्याची लागवड शिकवण्यात आली. परसबाग करायची तर माती व गोडे पाणी हवे, आणि नेमके हेच बेटावर दुर्मीळ आहे. खणलेल्या जमिनीच्या भरपाईसाठी नौरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. १९९३ मध्ये तडजोड होऊन भरपाई मंजूर झाली. पठाराच्या पुनर्वसनाचे काम मात्र त्यानंतर अतिशय संथ गतीने झाले आहे.