वई, गडगा आणि आडोसा

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा हे गाव लागते. तेथे आम्ही दोघे काही वर्षे भाड्याच्या घरात राहत आहोत. घराला पुढे खळे, मागे परसू आणि परसवाच्या कडेला मोगली एरंडाची जुनी वई. वईपलीकडचे घर एका वृद्ध काकींचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने ती वई तोडून तेथे पुरुषभर उंचीची चिऱ्यांची भिंत घातली. आम्ही मराठी शिकवणारी माणसे, साहजिकच हळहळलो. वईवरून होणारी भाजीची आणि बातम्यांची देवघेव संपली, गावाचे शहर झाले, वगैरे उद्गार काढून झाले. काकींनी ते ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "तुमका ती वय बरी दिसता, कारण तुमची न्हाणी घरात आसा. आमची भायर होती."

या वाक्याने आमची हळहळ जागच्या जागी थांबली. कुंपणाकडे आपण नेमके कोणाच्या नजरेने पाहतो, असा प्रश्न पडला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा माग घेण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम 'वई' हा शब्द पाहू. संस्कृत 'वृति' या शब्दापासून तो आला आहे. मालवणीत त्याची 'वय' झाली. हा मूळ शब्द मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, गुराखी आणि शेतकरी यांच्या तंट्यांच्या प्रकरणात भेटतो. शेताभोवतीची वृति इतकी उंच असावी की उंटाला तिच्यावरून आत पाहता येऊ नये, आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक भोक बुजवावे, असे तेथे सांगितले आहे. कुंपण नसलेल्या पिकाची गुरांनी नासाडी केली, तर गुराख्याला दंड नाही, हेही तेथेच आहे. गंमत अशी की कुंपणाने नजर अडवावी ही अपेक्षा इतकी जुनी आहे. मात्र ती नजर उंटाची आहे. शेजाऱ्याच्या नजरेचा तेथे विचार नाही.

कोकणातल्या वईचा इतिहासही मुख्यत्वे गुरांचाच इतिहास आहे. भात शेतात उभे असेतो गुरे राखणीला असत. कापणी झाली की ती मोकळी सुटत, आणि मग वायंगणाचे शेत, मिरचीचा वाफा, परसवातली लाल भाजी सांभाळायची तर वई घट्ट हवी. इंग्रजी अमलात १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. पिकात शिरलेले गुरू धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, अशी तरतूद त्यात होती. 'कुंपणानेच शेत खाल्ले' किंवा 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणींतले कुंपणही शेताचे आहे, राखणीचे आहे. घराच्या खासगीपणाशी त्याचा संबंध नाही.

या राखणीचे साहित्य जमिनीतूनच मिळत असे. जांभा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्याचे चौकोनी घडवलेले चिरे घरांना लागत. उरलेल्या तुकड्यांचा आणि धोंड्यांचा चुन्यामातीशिवाय रचलेला गडगा होई. दगड नसेल तेथे निर्गुडी, शेर, मोगली एरंड, पांगारा यांच्या फांद्या रोवून जिवंत वई करीत आणि मधल्या फटींत काट्या भरत. वाटेच्या तोंडाशी बेडे असे: दोन खांबांच्या भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. गुरू अडावे आणि माणसाला वाकून शिरता यावे, अशी ही रचना.

गडगा कमरेइतका आणि बेड्यातून तर आरपार दिसते. मग घराची मर्यादा कोण राखत असे? उत्तर सोपे आहे: रीतभात. आलेला माणूस बेड्यापाशी थांबून हाक मारी वा खाकरे. पुरुषांची बैठक ओटीवर, बायकांचे जग माजघर आणि मागील दार यांच्या दरम्यान. परसवाच्या बाजूने परका पुरुष येत नसे. ही सगळी अदृश्य कुंपणे होती आणि आमच्यासारखे स्मरणरंजनात रमणारे लोक त्यांचेच गोडवे गातात. पण या रीतीसाठी आधी घराला ओटी, माजघर आणि परसू असावे लागते. एकाच खोपीत सगळा संसार असणाऱ्यांनी काय करावे?

त्यांच्यासाठी भाषेत वेगळा शब्द आहे: आडोसा. माडाचे चुडत मधोमध चिरायचे, पाण्यात भिजत घालायचे आणि त्याची पाती एकाआड एक विणायची, की झाप तयार होतो. असे तीन-चार झाप बांबूंना बांधले की परसवात न्हाणी उभी राही. वरून उघडी, एका बाजूने अर्धीमुर्धी. पावसाळ्यात ती कुजे, वाऱ्यात कलंडे, दरवर्षी नवी करावी लागे. अशा आडोशामागे अंघोळ करणाऱ्या बाईला उजाडण्यापूर्वी उठावे लागे. शौचासाठी अंधाराची वाट पाहणे हे तर आणखी पुढचे दुःख. वई गुरांसाठी होती आणि आडोसा माणसांच्या नजरेसाठी. वईवर शतकानुशतके शास्त्रार्थ झाला, आडोशावर मात्र कोणी काही लिहिले नाही.

तो आडोसा ज्या जमिनीवर उभा राही ती जमीन तरी कोणाची? जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी) खोतीची पद्धत प्रबळ होती. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कुळे यांचे संबंध लेखी चौकटीत बसवले, तरी कुळाच्या घराखालची जमीन बहुधा दुसऱ्याचीच राहिली. ज्याला उद्या उठवले जाऊ शकते, तो पक्का गडगा कशाला घालील? झापांचा आडोसा हे गरिबीचे चिन्ह होते, तसेच ते अनिश्चिततेचेही चिन्ह होते.

म्हणून १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा कुंपणाच्या इतिहासात महत्त्वाचा वाटतो. कुळाने स्वखर्चाने जमीनमालकाच्या जागेत घर बांधले असेल, तर त्याला त्या घरातून काढता येणार नाही, असे त्याने ठरवले. हे संरक्षण घराच्या चार भिंतींपुरते नव्हते; घराला लागून असलेल्या आणि त्याच्या उपभोगास आवश्यक असलेल्या जमिनीलाही ते होते. कायद्याच्या कोरड्या भाषेत हे परसवाचेच वर्णन आहे. पुढे १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला. शेजारच्या गोव्यात मुंडकारांना असेच संरक्षण मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. आमच्यासारख्या आजच्या भाडेकरूंची गोष्ट निराळी आणि अर्थातच सौम्य. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे, तेथे मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम करणाऱ्या भाडेकरूला जागा सोडावी लागू शकते. मात्र लाकडी पार्टिशन, जाळीकाम अशा गोष्टी त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे भिंत मालकाने घालावी, भाडेकरूने आडोशावर भागवावे, ही जुनी विभागणी थोडीफार टिकून आहे.

न्यायालयांनी नजरेचा विचार केलाच नाही असे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात रूढीचे एक उदाहरण दिले आहे: शेजाऱ्याच्या एकांताला मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी कोणी काढू नये, अशी एखाद्या नगराची रूढी असेल, तर ती बंधनकारक ठरते. गुजरातेतील अशी रूढी मुंबई उच्च न्यायालयाने त्यापूर्वीच मान्य केली होती. १८८८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकुळ प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात, शेजारच्या घरातील बायका जेथे वावरतात तेथे दृष्टी जाईल असे बांधकाम करणाऱ्याविरुद्ध निकाल दिला. पण या निकालामागचा आधार पडद्याच्या चालीचा होता. पडदा पाळायला मुळात घरात दालने लागतात. शेतावर आणि बाजारात राबणाऱ्या बाईला पडदा नव्हता. म्हणून तिच्या एकांतालाही रूढीचा आधार नव्हता.

आपला 'खासगी' हा शब्दही हेच सांगतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मराठेशाहीतला अर्थ राज्यकर्त्याच्या स्वतःच्या मिळकतीशी जोडलेला होता. होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे आणि 'खासगीवाले' हे आडनावही त्याच व्यवहारातून आले. खासगी असायची ती राजाची आणि सरदाराची. सामान्य माणसाकडे आडोसा होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा प्रत्येक व्यक्तीचा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा या शब्दाचा तो दरबारी इतिहास खऱ्या अर्थाने मागे पडला, असे म्हणता येईल.

आता पुन्हा आमच्या परसवात. ती भिंत सुंदर नाही. वईत पूर्वी मुंगूस दिसे, बुलबुलाचे घरटे असे. पावसाचे पाणी वईच्या मुळांतून वाट काढून जाई, ते आता भिंतीपाशी तुंबते आणि आमच्या बाजूला डबके होते. ही हानी खरी आहे आणि भिंतीच्या पायथ्याशी पाण्याला वाट ठेवली असती तर ती काही अंशी टळली असती. पण त्या भिंतीसाठी काकींच्या मुलाने मुंबईत किती वर्षे काढली, हे आम्हाला ठाऊक आहे. तिच्याआड, कोणाच्या येण्याजाण्याची चाहूल न घेता, त्या दुपारी उन्हात केस वाळवत बसतात. त्यांच्या पिढीला हे सुख सत्तरीत मिळाले.

विद्यार्थ्यांना आम्ही ग्रामीण साहित्य शिकवतो, तेव्हा 'मोकळे अंगण' हे शब्द ओघाने येतात. ते मोकळेपण कोणाला परवडत होते आणि कोणाच्या झोपेतून वसूल होत होते, हाही प्रश्न आता आम्ही त्यासोबत विचारतो. राहता राहिली देवघेव. भिंतीला एका जागी चिरा निखळल्यासारखी फट आहे. ती मुद्दाम ठेवली असावी असा आमचा समज आहे. परवा त्या फटीतून पडवळ आले. मागोमाग हाकही आली. ती मात्र भिंतीवरून.