काळजीचा पहारा : केट शोपॅन यांच्या ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या कथेवर भाष्य

केट शोपॅन यांची ही इवलीशी अमेरिकन कथा ६ डिसेंबर १८९४ रोजी ‘व्होग’मध्ये छापून आली. शेवटच्या ओळीतल्या धक्क्यासाठी ती प्रसिद्ध आहे, पण तिच्यातला उपरोध पहिल्याच वाक्यापासून काम करत असतो.

पहिले वाक्य. मिसेस मॅलर्डला हृदयविकार आहे, म्हणून नवऱ्याच्या मृत्यूची बातमी बेताने सांगण्याची खबरदारी घेतली जाते. ती कोण घेतो, हे वाक्य सांगत नाही. माणसाआधी काळजीच पानावर येते. हृदय इथे निव्वळ एक दुखरा अवयव आहे. त्यात काय चालले आहे, हे कथेतला कुणीही अखेरपर्यंत विचारत नाही.

दुसरा परिच्छेद. बहीण जोसेफिन तुटक, आडवळणाने बोलते. नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स वर्तमानपत्राच्या कचेरीतून रेल्वे अपघाताची खबर घेऊन आला आहे. दुसऱ्या तारेने खात्री केली आणि तो धावला, इतका कोमल हात दुसऱ्या कुणाचा नसेल म्हणून. दोन तारांनी पक्की केलेली ही बातमी खोटी आहे. शोपॅन पाच वर्षांच्या असताना, १८५५ मध्ये, त्यांचे वडील रेल्वे अपघातातच गेले. पुढे त्या आई, आजी आणि पणजी अशा तीन विधवांच्या घरात वाढल्या. पुरुषाविना चालणारे घर त्यांना कल्पनेने रचावे लागले नाही.

खिडकीचा परिच्छेद. रडून झाल्यावर मिसेस मॅलर्ड एकटीच वरच्या खोलीत जाते. उघडी खिडकी, आरामखुर्ची. बाहेर वसंतात थरारणारे झाडांचे शेंडे, पावसाचा वास, फेरीवाल्याची हाक, वळचणीला चिमण्या. शोकाच्या घरी निसर्गही झाकोळतो, हा कथांचा जुना संकेत इथे उलटा केला आहे. मोडलेल्या ढगांतून निळे आभाळ दिसते आणि त्याच आभाळातून काहीतरी तिच्याकडे सरकत येते. ती ते परतवू पाहते, पण तिची इच्छाशक्ती तिच्या नाजूक हातांइतकीच दुबळी ठरते. मग मोकळे झाल्याची जाणीव ओठांवर येते. ही मुक्ती तिने मागितलेली नाही, म्हणूनच ती खरी वाटते.

त्यापुढची वाक्ये कथेचा गाभा आहेत. तिचा नवरा ब्रेंटली मॅलर्ड दुष्ट नाही. त्याने तिच्याकडे कायम प्रेमानेच पाहिले आणि त्याचे प्रेत पाहून आपण पुन्हा रडू, हे तिला ठाऊक आहे. तरीही एकाने दुसऱ्यावर आपली इच्छा लादणे हा हेतू चांगला असला तरी अपराधच, असे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसते. ती स्त्री आणि पुरुष दोघांबद्दल बोलते. नवऱ्याला खलनायक ठरवणारे वाचन मला म्हणूनच पटत नाही. तो क्रूर असता तर कथा सोपी झाली असती, आणि लहानही.

दारावरची हाक. ‘लुईझ’ हे तिचे नाव वाचकाला इथे प्रथमच कळते. आतापर्यंत ती मिसेस मॅलर्ड होती. मात्र हाक मारणारी जोसेफिन कुलपाच्या भोकाशी गुडघे टेकून, बहीण आजारी पडेल या भीतीने विनवत असते. आत लुईझ दीर्घायुष्य मागते आहे. कालपर्यंत त्याच विचाराने ती शहारत होती.

जिना आणि दार. खोलीचे दार ती आपल्या हाताने उघडते, विजयदेवतेच्या चालीने खाली उतरते. घराचे दार मात्र बाहेरून उघडते. किल्ली नवऱ्याकडे आहे. प्रवासाची धूळ, बॅग, छत्री. अपघात झाला हेही त्याला माहीत नाही. रिचर्ड्स त्याला तिच्या नजरेआड करायला पुढे सरतो, आणि त्या वाक्यात ती पुन्हा केवळ ‘त्याची बायको’ होते. नाव मिळून काही मिनिटेच झाली आहेत.

शेवटचे वाक्य. अति आनंदाने तिचे हृदय थांबले, असे डॉक्टर सांगतात. निदानात आनंद आहे, तो कधी आला आणि कशाने संपला एवढेच त्यांना कळलेले नाही. जोसेफिन आणि रिचर्ड्सही यावर विश्वास ठेवतील. त्यांच्या दृष्टीने दुसरे कारण संभवतच नाही. निवेदिका इथे कुणालाही दुरुस्त करत नाही.